बंद केलेली अवजारे : पेजमेकर, फ्रीहँड आणि अक्षरजुळणीचा व्यवसाय

मुद्रणव्यवसायाच्या इतिहासात अवजारे बदलणे ही नवी गोष्ट नाही. मराठी मुद्रणात शिळाछापाची जागा खिळ्यांच्या छपाईने घेतली, खिळ्यांची जागा प्रकाशजुळणीने आणि ऑफसेटने घेतली, आणि या प्रत्येक स्थित्यंतरात कुणाचे तरी हातचे कसब मागे पडले. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एक गोष्ट कायम होती : कारखानदाराने एखादे यंत्र बनवणे थांबवले, तरी ज्याने ते विकत घेतले होते त्याच्याकडचे यंत्र थांबत नसे. जर्मनीतील हायडेलबर्ग कंपनीने खिळाछपाईच्या आपल्या प्रसिद्ध प्लेटन यंत्राचे उत्पादन १९८५ साली बंद केले. तरीही पावत्यांवर नंबर घालणे, जाड कागदावर घडीची रेघ पाडणे, पत्रिकांचे आकार कापणे अशा कामांसाठी ती यंत्रे आजही छापखान्यांत चालताना दिसतात, कारण त्यांना लागते ते तेल, रूळ आणि जाणता मिस्त्री, आणि यांपैकी कशासाठीही मूळ कंपनीची परवानगी लागत नाही.

त्याच वर्षी, १९८५ च्या जुलैमध्ये, अमेरिकेतील सिएटल शहरातल्या ‘आल्डस’ या लहानशा कंपनीने ‘पेजमेकर’ ही पृष्ठमांडणीची संगणकप्रणाली बाजारात आणली. पुढच्या दोन दशकांत जगभरातील, आणि विशेषतः महाराष्ट्रातील, असंख्य पुस्तकांची, नियतकालिकांची व पत्रकांची मांडणी तिच्यावर झाली. २००४ मध्ये तिचा पुढील विकास थांबल्याचे जाहीर झाले, तेव्हा जे झिजले नव्हते, मोडले नव्हते आणि तरीही हळूहळू हातातून निसटणार होते, अशा अवजाराला या व्यवसायाला सामोरे जावे लागले. ‘फ्रीहँड’ या चित्ररेखाटनाच्या प्रणालीच्या वाट्याला २००७ मध्ये हेच आले. ही दोन्ही अवजारे एके काळी आल्डसच्याच नावाने विकली जात होती, आणि दोन्ही अखेर ‘ॲडोबी’ या एकाच कंपनीच्या हाती जाऊन बंद झाली. त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ती वापरणाऱ्यांच्या संतापाला केवळ हटवादीपणा किंवा नव्याची भीती म्हणता येत नाही. आपल्या कामाच्या साधनावर आणि आपल्याच जुन्या कामावर असलेल्या रास्त हक्काची ती मागणी होती.

टेबलावरची मांडणी

आल्डसचा संस्थापक पॉल ब्रेनर्ड हा मूळचा वृत्तपत्रव्यवसायातला. मिनियापोलिस येथील वृत्तपत्रात काम केल्यावर तो वृत्तपत्रांसाठी संगणकयंत्रणा बनवणाऱ्या ‘एटेक्स’ कंपनीत गेला, आणि त्या कंपनीचे सिएटलजवळचे केंद्र बंद झाल्यावर तेथील काही अभियंत्यांना बरोबर घेऊन त्याने १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये छापखाना चालवणाऱ्या आल्डस मनुशियस या विद्वान मुद्रकाचे नाव तिला देण्यात आले. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’, म्हणजे साध्या टेबलावर मावणाऱ्या यंत्रांनी प्रकाशनाची सर्व पूर्वतयारी करणे, हा शब्दप्रयोग ब्रेनर्डनेच रूढ केला आणि ‘डीटीपी’ या संक्षिप्त रूपात तो मराठी मुलखातल्या गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर पोहोचला.

या क्रांतीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. ॲपल कंपनीच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाने पानाचे रूप जसेच्या तसे पडद्यावर दाखवले. त्याच कंपनीच्या १९८५ च्या लेसररायटर या छापयंत्राने स्वच्छ कडांची अक्षरे कागदावर उमटवली. आणि त्या छापयंत्रात ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा बसवलेली होती, जी पानावरची अक्षरे व आकृत्या यांचे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिती वर्णनात रूपांतर करून यंत्राला सांगत असे. या तिन्हींना जोडणारा दुवा पेजमेकरने पुरवला. मजकूर स्तंभांत ओतणे, चित्रे जागेवर बसवणे, शीर्षकांचा आकार ठरवणे ही कामे तोवर लाखो रुपयांच्या यंत्रसामग्रीवर अवलंबून होती. ती आता ४९५ डॉलर किमतीच्या प्रणालीने होऊ लागली. १९८७ मध्ये तिची विंडोजवर चालणारी आवृत्ती आली, आणि स्वस्त संगणक वापरणाऱ्या देशांकडे तिचा मार्ग मोकळा झाला.

पेजमेकरच्या यशाचे एक कारण असे की तिची रचना कारागिराच्या सवयी ओळखून केलेली होती. ऑफसेट छपाईत त्या काळी प्रकाशजुळणी यंत्रातून निघालेल्या मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापून, मागे मेण किंवा डिंक लावून पुठ्ठ्यावर चिकटवल्या जात आणि त्या पानाचा फोटो काढून छपाईचे पत्रे तयार होत. पेजमेकरच्या पडद्यावर मधोमध पान असे आणि त्याभोवती मोकळी जागा असे, जिच्यावर अजून न बसवलेली चित्रे, चौकटी आणि मजकुराचे तुकडे ठेवता येत, आणि पाने उलटली तरी ते तेथेच राहत. आयुष्यभर पुठ्ठ्यावर पाने चिकटवणाऱ्या माणसाला ही जागा समजावून सांगावी लागत नव्हती. त्याचे जुने कसब नव्या अवजारात वाया गेले नाही, ही गोष्ट पुढे जे घडले त्याच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

मराठी पानांवर

मराठी मुद्रणाला देवनागरीच्या गुंतागुंतीशी झगडण्याचा दीर्घ इतिहास आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत प्रथम टाइपांची ओतशाळा आणि नंतर १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला, तेव्हापासून काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि शेकडो जोडाक्षरे यांसाठी वेगवेगळे खिळे ओतणे, ते लाकडी केसांच्या खणांत मांडणे आणि जुळाऱ्याच्या हाताला त्या खणांची सवय लावणे, हा या व्यवसायाचा कणा होता. रोमन लिपीच्या खिळ्यांपेक्षा कितीतरी अधिक खण न पाहता ओळखणारा जुळारी तयार व्हायला वर्षे लागत.

संगणकाने हा प्रश्न सोडवला नाही. त्याने तो अक्षरसंचांच्या, म्हणजे फाँटच्या, आत नेऊन ठेवला. त्या काळच्या पद्धतीत एका फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा मिळत आणि त्यांतल्या काही संगणकाने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेल्या असत. उरलेल्या जागांत देवनागरी बसवण्यासाठी अक्षरांचे तुकडे करावे लागले : अर्धा ‘क’ एका जागी, उभा दंड दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या, आणि त्या तुकड्यांच्या जोडणीतून पूर्ण अक्षर. या जागांना संगणक मूळची रोमन अक्षरे व चिन्हे म्हणूनच ओळखत असे. म्हणजे पडद्यावर आणि कागदावर सुरेख मराठी दिसत असले, तरी फाइलीत साठवलेला मजकूर रोमन अक्षरांची अर्थहीन माळ होता, आणि त्या माळेला मराठीचे रूप देणारा विशिष्ट फाँट नसेल तर ती वाचता येत नव्हती.

या क्षेत्रात पुण्याने मोठी कामगिरी बजावली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिपींच्या तंत्राचे संशोधन १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या पुण्यातील शासकीय संस्थेत पुढे गेले आणि तेथून भारतीय भाषांची साधने बाजारात आली; पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’ने मराठी डीटीपीत आपले स्थान पक्के केले; इतर कंपन्यांचे संचही होते. प्रत्येकाची संकेतसारणी, म्हणजे कोणता तुकडा कोणत्या जागी याची यादी, वेगळी होती. एका संचात टंकलेला मजकूर दुसऱ्या संचात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत, आणि म्हणून लेखक, मुद्रक व प्रकाशक यांच्यात फाइलीबरोबर फाँटचे नावही कळवावे लागे. यांतील अनेक संच संगणकाच्या मागच्या खाचेत बसवायच्या ‘लॉक’सह विकले जात, ते लहानसे यंत्र बसवल्याखेरीज संच चालत नसे.

पेजमेकर आणि हे फाँट यांची जोडी १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणीचे प्रमाण साधन बनली. पेजमेकरला मराठी येत नव्हते, आणि तिची उपयुक्तता नेमकी याच अज्ञानात होती : तिच्या लेखी सगळा मजकूर रोमन होता, त्यामुळे फाँटवाल्यांनी रचलेले तुकडे ती कोणतीही ढवळाढवळ न करता जागच्या जागी ठेवत असे. घरातल्या एका खोलीत एक संगणक, एक लेसर छापयंत्र आणि बटर पेपरचे गठ्ठे एवढ्या भांडवलावर डीटीपी केंद्र उभे राहू लागले. पानांचे छाप बटर पेपरवर काढून ते थेट ऑफसेटच्या पत्र्यांसाठी छापखान्यात पाठवले जात. दिवाळी अंक, कवितासंग्रह, शाळांच्या हस्तपुस्तिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका ही सारी कामे या केंद्रांतून होऊ लागली आणि मराठी पुस्तकांच्या श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’ या नोंदीखाली या कारागिरांची नावे छापली जाऊ लागली. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप हे त्रिकूट शिकवणारे वर्ग तालुक्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचले, आणि तरुण मुलामुलींच्या एका पिढीला त्यांनी चरितार्थाचे साधन दिले.

एका विलीनीकरणाचे परिणाम

पेजमेकर मराठी मुलखात रुजत होती त्याच सुमारास तिच्या जन्मदेशात तिची पीछेहाट चालू होती. १९८७ मध्ये आलेल्या क्वार्कएक्सप्रेस या प्रतिस्पर्धी प्रणालीने अधिक बारकाईने मोजमाप करण्याची सोय देऊन मोठी मासिके आणि वृत्तपत्रे आपल्याकडे वळवली. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस विकत घेतली, तेव्हा पेजमेकरबरोबरच फ्रीहँडही तिच्या ताब्यात येऊ लागली, आणि येथे प्रथमच शासनाने हस्तक्षेप केला.

फ्रीहँड ही टेक्सासमधील अल्टसिस कंपनीची निर्मिती होती आणि १९८८ पासून आल्डस ती आपल्या नावाने विकत असे. ती रेषाचित्रे काढण्याची प्रणाली होती, म्हणजे तिच्यातले चित्र बिंदू आणि वक्ररेषा यांच्या समीकरणांनी साठवले जाई आणि कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा फाटत नसत. बोधचिन्हे, नकाशे, आवरणे, फलक यांसाठी अशीच चित्रे लागतात. ॲडोबीची स्वतःची इलस्ट्रेटर ही प्रणाली याच कामाची होती आणि मॅकिंटॉशवर या दोघींचाच बाजार होता. दोन्ही एका मालकाकडे गेल्या तर स्पर्धा संपेल, असे मानून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने फ्रीहँडचे हक्क अल्टसिसला परत करण्याची अट विलीनीकरणाला घातली, आणि आयोगाच्या संमतीवाचून अशी दुसरी प्रणाली विकत घेण्यास दहा वर्षांची मनाई केली. लवकरच, १९९५ मध्ये, मॅक्रोमीडिया या कंपनीने अल्टसिस विकत घेतली आणि फ्रीहँड तिच्याकडे वाढत राहिली.

पेजमेकरला असे संरक्षण मिळाले नाही, कारण ॲडोबीकडे तिची स्पर्धक प्रणाली नव्हती. तिचा पाया १९८० च्या दशकातल्या संगणकांसाठी घातलेला होता आणि त्यावर नव्या सोयी चढवणे कठीण झाले होते. म्हणून ॲडोबीने अगदी नवी प्रणाली उभी केली आणि १९९९ मध्ये ‘इनडिझाइन’ या नावाने बाजारात आणली. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. ती शेवटची ठरली. २००४ च्या आरंभी ॲडोबीने तिचा पुढील विकास थांबल्याचे स्पष्ट केले आणि जुन्या ग्राहकांनी यावे म्हणून पेजमेकरच्या काही सोयी जोडलेली इनडिझाइनची खास आवृत्ती विक्रीस ठेवली. कंपनीच्या बाजूने पाहता हा निर्णय तर्कशुद्ध होता, आणि इनडिझाइन हे खरोखरच अधिक समर्थ साधन होते. प्रश्न एवढाच होता की ते कोणासाठी समर्थ होते.

आठ वर्षांची पोकळी

रोमन लिपीत काम करणाऱ्या ग्राहकाला पेजमेकरकडून इनडिझाइनकडे जाताना पैसे, वेळ आणि सवय यांची किंमत मोजावी लागली, पण त्याचा मजकूर त्याच्याबरोबर गेला. मराठी अक्षरजुळणीकाराचे तसे नव्हते. जगातल्या सर्व लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ पासून अस्तित्वात होती आणि तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. रघुनाथ कृष्ण जोशी या थोर अक्षरकाराने आरेखित केलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँट विंडोज २००० बरोबर संगणकांत आला. परंतु युनिकोडमध्ये जोडाक्षराचा आकार फाइलीत साठवलेला नसतो. व्यंजने आणि हलन्त यांच्या क्रमावरून तो आकार मांडणी करणाऱ्या प्रणालीने प्रत्येक वेळी घडवायचा असतो. हे घडवण्याचे काम पेजमेकरला येत नव्हते, आणि इनडिझाइनच्या पहिल्या अनेक आवृत्त्यांतही देवनागरीपुरती ती सोय अधिकृतपणे नव्हती. भारतीय लिपींची जुळणी मूळ पॅकेजमध्ये आणि उघडपणे मिळू लागली ती २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीत.

म्हणजे २००४ ते २०१२ अशी आठ वर्षे जुने अवजार बंद झालेले आणि नवे अवजार मराठी नीट न येणारे अशी स्थिती होती. या काळात पेजमेकरला चिकटून राहणाऱ्या केंद्रचालकांना मागासलेले ठरवणे सोपे होते, पण त्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्यांनी हातातले भरवशाचे साधन न सोडण्याचा शहाणपणाचा निर्णय घेतला होता. त्यांनी जुने संगणक जपले आणि विंडोज एक्सपी बदलणे टाळले, कारण नव्या विंडोजवर पेजमेकर बसवताना अडचणी येत. शिवाय फाँटचे लॉक ज्या खाचेत बसत असे ती खाच नव्या संगणकांतून नाहीशी होत होती. पुढे एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुरक्षाविषयक सुधारणा पुरवणे थांबवले. अशा रीतीने अवजार, फाँट, लॉक, कार्यप्रणाली आणि यंत्र या पाच गोष्टींची साखळी तयार झाली होती आणि तिचे कोणतेही एक कडे तुटले की उरलेली चार निरुपयोगी होत. हायडेलबर्गच्या यंत्राला अशी साखळी नव्हती. संगणकप्रणाली मात्र एकटी कधीच जगत नाही, ती दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींच्या आधाराने उभी असते आणि त्या गोष्टी बदलत राहतात.

या साखळीत आणखी एक घट्ट गाठ पडली. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या सहाव्या-सातव्या आवृत्तीतील फायली उघडू शकत होत्या. २०१३ पासून ती सोय काढून टाकण्यात आली. याच वर्षी ॲडोबीने कायमस्वरूपी विक्री सोडून मासिक किंवा वार्षिक वर्गणीची पद्धत स्वीकारली. देवनागरी नीट जुळवणारी पहिली आवृत्ती आणि पेजमेकरच्या फायली उघडणारी शेवटची आवृत्ती या एकच होत्या, आणि मराठी प्रकाशकाला जुन्या घरातून नव्या घरात सामान हलवण्यासाठी अधिकृत दरवाजा एका आवृत्तीपुरताच उघडा राहिला. त्या दरवाजातून मांडणी पलीकडे गेली तरी मजकूर जुन्या फाँटच्या संकेतांतच राहत असल्याने त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर वेगळे करावे लागे, ते निराळेच.

फ्रीहँडवाल्यांचा लढा

मराठी अक्षरजुळणीकारांची कुचंबणा मूकपणे झाली. फ्रीहँडच्या वापरकर्त्यांनी मात्र आपला संताप न्यायालयापर्यंत नेला. संघीय व्यापार आयोगाने घातलेली मनाई दहा वर्षांनी संपली, आणि २००५ मध्ये ॲडोबीने सुमारे ३.४ अब्ज डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात मॅक्रोमीडिया विकत घेतली. १९९४ मध्ये जी प्रणाली शासनाने तिच्या हातून काढून घेतली होती ती अशा रीतीने परत तिच्याकडे आली. फ्रीहँडची शेवटची आवृत्ती २००३ ची होती. मे २००७ मध्ये ॲडोबीने तिचा विकास थांबल्याचे जाहीर करून वापरकर्त्यांनी इलस्ट्रेटरकडे वळावे असे सुचवले.

महाराष्ट्रात विंडोजवर कोरल ड्रॉचे वर्चस्व असल्याने फ्रीहँडचा प्रसार मर्यादित होता, पण अमेरिका आणि युरोपात तिचा निष्ठावान वर्ग मोठा होता. एकाच फाइलीत अनेक पाने ठेवण्याची सोय ही तिची मोठी शक्ती होती. एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह, पत्रशीर्ष, पाकीट आणि फलक ही सगळी कामे तिच्यात शेजारीशेजारी ठेवून करता येत. इलस्ट्रेटरमध्ये अशी सोय २००८ च्या सीएस४ आवृत्तीपर्यंत नव्हती. मॅकिंटॉशवर प्रश्न अधिक गंभीर झाला, कारण ॲपलने २००६ पासून इंटेलच्या प्रक्रियकांचा अवलंब केला होता आणि जुन्या प्रणाली ‘रोझेटा’ नावाच्या दुभाषा-प्रणालीमार्फत चालत होत्या. जुलै २०११ मध्ये आलेल्या ‘लायन’ या कार्यप्रणालीतून रोझेटा वगळण्यात आली, आणि नवा मॅक घेणाऱ्यासाठी फ्रीहँड कायमची बंद झाली.

त्याआधीच, २००९ मध्ये, वापरकर्त्यांनी ‘फ्री फ्रीहँड’ नावाची संघटना स्थापन केली होती. फ्रीहँड अद्ययावत करावी, दुसऱ्या कुणाला विकावी किंवा तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करावी, असे तिचे म्हणणे होते. त्याचा उपयोग न झाल्याने २०११ मध्ये संघटनेने कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. न्यायालयाने दाव्याचा काही भाग पुढे चालवण्यास संमती दिली, आणि २०१२ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड होऊन संघटनेच्या सदस्यांना ॲडोबीच्या उत्पादनांवर सवलत मिळाली. फ्रीहँड परत आली नाही. तरीही हा दावा महत्त्वाचा आहे, कारण व्यावसायिक चित्रकारांनी आपल्या अवजाराचा मृत्यू हा खाजगी गैरसोयीचा विषय न मानता सार्वजनिक न्यायाचा विषय मानला.

संतापाचे स्वरूप

अशा प्रसंगी ग्राहकाचा राग कशाबद्दल असतो, हे या दोन इतिहासांवरून नेमके सांगता येते. पहिली गोष्ट कसबाची. पेजमेकरचा अनुभवी ऑपरेटर मजकूर स्तंभांत बसवताना, एकटी पडलेली ओळ मागे ओढताना, अनुस्वार शेजारच्या मात्रेत अडकला तर तो मोकळा करताना पडद्यावरच्या आज्ञा शोधत नसे. त्याच्या बोटांना त्या ठाऊक असत, आणि त्याचा दर पानामागचा मोबदला या वेगावरच अवलंबून असे. अवजार बदलले की हा वेग शून्यापासून कमवावा लागतो आणि मधल्या महिन्यांची घट त्याला कुणी भरून देत नाही.

दुसरी गोष्ट संग्रहाची. प्रकाशकाकडे पंधरा-वीस वर्षांच्या पुस्तकांच्या फायली असतात आणि पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना त्यांचीच गरज लागते. फाइलीची अंतर्गत रचना कंपनीने गुप्त ठेवलेली असेल, तर ती उघडण्याचा अधिकार लेखकाकडे, प्रकाशकाकडे किंवा अक्षरजुळणीकाराकडे राहत नाही. तो कंपनीच्या पुढच्या निर्णयांवर टांगलेला राहतो. येथे ग्राहकाचे नुकसान एका साधनापुरते थांबत नाही, त्याने स्वतः निर्माण केलेली वस्तूच त्याच्या हाताबाहेर जाते.

तिसरी गोष्ट कायद्याची. संगणकप्रणाली विकत घेणाऱ्याला तिची मालकी मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो, आणि त्या परवान्यात उत्पादन चालू ठेवण्याचे कोणतेही वचन नसते. मराठी व्यवसायात यावर आणखी एक पेच होता : अनेक डीटीपी केंद्रांत पेजमेकरच्या विनापरवाना प्रती वापरल्या जात होत्या, हे उघड गुपित होते, आणि ज्यांनी परवानाच घेतला नव्हता त्यांना ग्राहक म्हणून तक्रारही करता येत नव्हती. त्यांचा दोष नाकारण्याचे कारण नाही. पण त्या दोषामुळे एका संपूर्ण भाषेच्या प्रकाशनव्यवहाराची अडचण कंपनीच्या हिशेबात कधी दिसलीच नाही, आणि परवाने रीतसर विकत घेतलेल्या प्रकाशकांचा व वृत्तपत्रांचा आवाजही त्यात दबून गेला, हे नुकसान तितकेच खरे आहे.

उकललेल्या फायली आणि उरलेले काम

या इतिहासाचा पुढचा टप्पा कंपन्यांनी नव्हे, स्वयंसेवकांनी लिहिला. लिब्रेऑफिस या खुल्या प्रणालीमागील डॉक्युमेंट फाउंडेशनने २०१४ मध्ये बंद पडलेल्या प्रणालींच्या फायली मुक्त करण्याचा प्रकल्प सुरू केला, आणि त्यात फ्रीहँड व पेजमेकर या दोन्हींच्या गुप्त फाइलरचना उकलून त्या वाचणारी साधने तयार झाली. ती कुणालाही विनामूल्य वापरता येतात. कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसलेल्या स्क्रायबस या खुल्या पृष्ठमांडणी-प्रणालीच्या २०२४ च्या १.६ आवृत्तीत भारतीय लिपींची जुळणी समाविष्ट आहे. म्हणजे आज मराठी प्रकाशकापुढे आठ वर्षांच्या पोकळीतल्यापेक्षा अधिक वाटा मोकळ्या आहेत.

तथापि फाइल उघडली म्हणजे पुस्तक मिळाले असे नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना प्रत्येक फाँटची संकेतसारणी ठाऊक असावी लागते, आणि अक्षरांचा क्रमही बदलावा लागतो : जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते; रफार जुन्या फाइलीत अक्षरानंतर असतो आणि युनिकोडमध्ये त्याच्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रणाली हे बहुतांशी जमवतात, पण दुर्मीळ जोडाक्षरे, संस्कृत अवतरणे आणि ऑपरेटरने हाताने जुळवून बसवलेले तुकडे यांत चुका राहतात, आणि त्या काढण्यासाठी मुद्रितशोधकाला पुन्हा एकदा ओळ न् ओळ वाचावी लागते.

या अनुभवातून विक्रेत्यांसाठी काही कर्तव्ये निष्पन्न होतात. व्यावसायिक अवजार बंद करणाऱ्या कंपनीने त्याच्या फाइलींची रचना प्रसिद्ध करावी. शेवटची आवृत्ती कंपनीच्या संगणकाकडून परवानगी न घेता बसवता व चालवता येईल अशा रूपात ग्राहकांना द्यावी. आणि नवे अवजार जुन्या ग्राहकांच्या सर्व लिपी हाताळू लागेपर्यंत जुन्या फायली उघडण्याची सोय काढून घेऊ नये. यांतले दुसरे कर्तव्य अशक्य नाही, कारण ॲडोबीनेच २०१३ च्या सुरुवातीस आपल्या सीएस२ या जुन्या संचाची परवानगी-यंत्रणा बंद करताना ग्राहकांना परवानगीची गरज नसलेल्या प्रती उपलब्ध करून दिल्या होत्या. जे एकदा करता आले ते नियम म्हणूनही करता येईल.

मराठी प्रकाशनविश्वाचे स्वतःचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. १९९० च्या सुरुवातीपासून पुढची सुमारे वीस वर्षे मराठी पुस्तकांचा मोठा भाग पेजमेकरच्या फाइलींत आणि परस्परांशी न जुळणाऱ्या फाँटमध्ये साठवला गेला. त्या फायली आज जुन्या सीडींवर, बंद पडत चाललेल्या हार्ड डिस्कवर आणि कपाटांत ठेवलेल्या संगणकांत आहेत. ग्रंथालये, साहित्यसंस्था, विद्यापीठे आणि प्रकाशक यांनी एकत्र येऊन त्या गोळा करणे, उघडणे आणि युनिकोडमध्ये आणणे हे काम केव्हाही केले तरी चालेल असे नाही. कोणत्या फाँटमध्ये कोणते जोडाक्षर कोणत्या कळांनी बसवले जात असे, हे ज्यांना ठाऊक आहे ते अक्षरजुळणीकार आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या ज्ञानाला योग्य मोबदला आणि श्रेय देऊन हे काम आत्ताच हाती घेतले, तर बंद केलेल्या अवजाराबरोबर त्यावर घडलेली पुस्तकेही बंद होण्याचे टळेल.